अर्ध्या कानाचा कोणत्या बाजूला?

मावशींच्या घरात खुर्च्या सहा होत्या, पण मावशींना त्यांतल्या एकीवर बसलेलं मी पावणेदोन वर्षं कधी पाहिलं नाही, आणि मग एक दिवस त्या बसल्या. ते कसं झालं हे सांगायला मी बसलेय खरी, पण सांगताना माझा गोंधळ उडणार हे आधीच कबूल करते. कारण या सगळ्या प्रकरणाचा मुद्दा डाव्या-उजव्याचा आहे आणि मला डावं-उजवं कळत नाही. लहानपणापासूनच नाही. आजही कोणी ‘लेफ्ट घे’ म्हटलं की मी मनातल्या मनात वरणभात कालवते. ज्या हाताने कालवला तो उजवा, उरला तो डावा, आणि तोवर वळण मागे गेलेलं असतं. इथे परदेशातली ड्रायव्हिंग टेस्ट मी तिसऱ्या खेपेला पास झाले ती यामुळेच.

हर्नडनला मी मावशींच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचे. मी नागपूरची, कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्यांना त्या गोड शब्दांत कळवायच्या. मावशी मिरजेच्या. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी तिकडे दूर चँडलरला कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कंपनीत इंजिनिअर. मावशी स्वतः रिटायर झालेल्या. कशातून रिटायर झाल्या हे मला पहिला महिनाभर नीट कळलं नव्हतं. “म्युझियममध्ये होते,” एवढंच त्या म्हणायच्या. मी आपली समजले, क्युरेटर वगैरे असतील. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका काकूंना त्यांची ओळख करून देताना मी तसं ठोकूनही दिलं.

“गार्ड होते गं,” मावशी शांतपणे म्हणाल्या. “राखणदार. निळा कोट, काळे बूट, आठ तास उभी.”

काकूंनी मला आणखी एक मोदक वाढला.

ते कळल्यावर मात्र मावशींच्या घरातल्या निम्म्या गोष्टींचा उलगडा झाला. उरलेल्या निम्म्यांचा आजही झालेला नाही. घरात पाऊल टाकलं की पाठीवरची सॅक काढून पोटावर घ्यायची, हा पहिला नियम. का, तर मागे वळताना काहीतरी धडकतं. दुसरा नियम, पेन आणायचं नाही. किराण्याची यादीसुद्धा पेन्सिलने. मी एकदा कानामागे पेन खोचून वर गेले तर त्यांनी तळहात पुढे केला आणि मी मुकाट्याने ते काढून दिलं. जाताना परतही मिळालं. आणि तिसरा, जो मी आजन्म विसरणार नाही, “दोन पावलं मागे.” फोडणी कशी झालीय बघायला वाकले, दोन पावलं मागे. खिडकीतली तुळस बघायला गेले, दोन पावलं मागे. त्या हे ओरडून म्हणायच्या नाहीत. इतक्या हलक्या आवाजात म्हणायच्या की आपले पाय आपल्याआधी ऐकायचे.

आणि उभं राहणं! चहा उभ्याने, जेवण ओट्याशी उभ्याने, मुलीशी फोन उभ्याने. मुलगी तिकडून चिडायची, “आई, सिट डाउन ना! यू आर नॉट ऑन ड्यूटी एनी मोर!” मावशी हो हो म्हणायच्या आणि वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घ्यायच्या. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, “बसलं की डोळेही बसतात. बसलेल्या गार्डला मी गार्ड म्हणत नाही.”

म्युझियमचं नाव मी सांगत नाही, मावशींना आवडणार नाही. त्यातल्या चिनी दालनात त्या बावीस वर्षं उभ्या होत्या. गार्डांच्या जागा खरं म्हणजे बदलतात, आज हे दालन, उद्या ते. पण मावशी लोकांशी अदलाबदल करून, कोणाची सणाची ड्यूटी स्वतःवर घेऊन, पुन्हापुन्हा तिथेच यायच्या. कशासाठी, तर दोन तोंडांसाठी.

ही तोंडं म्हणजे जुन्या चिनी दारांवर बसवायची काशाची जनावरं. जनावराचं नुसतं तोंड, धड नाही. वटारलेले डोळे, कपाळावर शिंगासारखी वळणं, दोन कान, आणि खालचा जबडाच नाही. नाकाचं टोक आत वळवलेलं आणि त्यात एक जाड कडी लोंबते. दाराच्या दोन फळ्या, प्रत्येक फळीवर एक तोंड, कडी धरून दार ओढायचं. चिनी लोक त्याला पूशौ म्हणतात असं पाटीवर लिहिलेलं, मावशी मात्र सरळ ‘तोंडं’ म्हणायच्या. दार तर केव्हाच कुजून गेलेलं, म्हणून म्युझियमने दोन नव्या लाकडी फळ्यांवर ती शेजारी शेजारी लावली होती. दोन हजार वर्षांची असावीत आणि बहुधा थडग्याच्या दाराची असावीत, हेही पाटीवर. मावशींना ती पाटी तोंडपाठ होती. बाकीचं सगळं त्यांनी कानांनी गोळा केलं होतं. गाइड यायचे, प्राध्यापक आपापले विद्यार्थी घेऊन यायचे, कोणी चिनी आजोबा नातवाला समजावायचे, आणि मावशी भिंतीशी उभ्या राहून ऐकायच्या.

बोलायच्या मात्र नाहीत. नियमच तसा होता. गार्डने वस्तूंबद्दल बोलायचं नाही, कोणी काही विचारलं तर माहिती काउंटर दाखवायचा. एकदा म्हणे पुण्याचं एक कुटुंब आलं, आणि त्यातले गृहस्थ सगळ्यांना गोळा करून मराठीत म्हणाले, “हे बघा, आपलं कीर्तिमुख! आपल्याकडूनच गेलंय हे.” मावशींच्या तोंडाशी आलं होतं, अहो, देवळातल्या कीर्तिमुखाच्या नाकात कडी पाहिलीत का कधी? पण त्या गप्प बसल्या. म्हणजे गप्प उभ्या राहिल्या. ते गृहस्थ जाताना त्यांच्याकडे बघून इंग्रजीत रेस्टरूम कुठे म्हणून विचारून गेले.

“मग तुम्ही काय केलंत?” मी विचारलं.

“दाखवली रेस्टरूम. काय करणार? त्या तोंडाचं आणि माझं एकच होतं बघ. डोळे एवढे मोठे, आणि जबडा नाही.”

मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत, म्हणून मीही अर्धवट आलेलं हसू गिळलं.

आता खरी भानगड. एका रविवारी मावशींनी मला वर बोलावलं आणि फ्रिजसमोर उभं केलं. आमचा फ्रिज दोन दारांचा, मधून दोन्हीकडे उघडणारा. त्यावर मावशींनी पेन्सिलने काढलेली दोन तोंडं टेपने चिकटवली होती. एकाचे दोन्ही कान पूर्ण, दुसऱ्याचा एक कान अर्धाच, तुटलेला. प्रत्येकाच्या नाकाखाली पडद्याची एकेक कडी दोरीने लोंबकळत ठेवलेली. आणि दोन्ही तोंडांच्या दोन्ही गालांना ओल्या हळदीचा लेप!

“मावशी, हे काय हळदीकुंकू?”

“दोन्ही कड्या धर आणि उघड. रोज कशी उघडतेस तशी उघड, विचार करू नको.”

मी उघडलं. हाताला हळद लागली. मावशींनी माझे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले, मग तोंडांचे गाल बघितले, आणि पेन्सिलने वहीत काहीतरी टिपलं. हे रोज चाललं, महिनाभर. दूध काढायला जावं तर हळद, लिंबू काढायला जावं तर हळद. ऑफिसमध्ये माझी पिवळी बोटं बघून मॅनेजरने विचारलं, सगळं ठीक आहे ना, काविळीची टेस्ट केलीस का? मी म्हटलं, घरी चायनीज आर्टचं टेस्टिंग चाललंय. त्याने पुन्हा काही विचारलं नाही.

महिन्याच्या शेवटी मावशींनी मला निकाल सांगितला. त्यांना तो मला तीन वेळा सांगावा लागला, मी तुम्हाला एकदाच सांगते. माणूस दाराच्या मधोमध उभा राहतो आणि दोन्हीकडे हात टाकतो. त्यामुळे त्याची बोटं प्रत्येक तोंडाच्या आतल्या गालाला घासतात, जिथे दोन फळ्या मिळतात त्या बाजूच्या. हळद महिनाभर आतल्याच गालांवरची पुसली गेली होती. म्युझियममधल्या खऱ्या तोंडांचाही एकेक गाल घासून गुळगुळीत झालेला आहे, दुसरा खडबडीत. पण तिथे गुळगुळीत गाल बाहेरच्या बाजूला आहेत.

“म्हणजे?” मी.

“म्हणजे दोघं एकमेकांच्या जागी लावलेत! अर्ध्या कानाचा बघणाऱ्याच्या डाव्या हाताला आहे, तो उजव्या हाताला हवा.”

मी घाईघाईने वरणभात कालवून घेतला.

“आणि दुसरं ऐक,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. “पाटीवर लिहिलंय थडग्याचं दार. अगं, मेलेल्या माणसाचं दार एकदा बंद केलं की संपलं. ते रोज कोण उघडतंय? गाल असा घासायला किती हात लागले असतील! ते घराचं दार आहे. तिथे रोज कोणीतरी घरी येत होतं.”

ही गोष्ट त्यांना नोकरीच्या अकराव्या-बाराव्या वर्षीच कळली होती. त्यानंतरची सगळी वर्षं त्या चुकीच्या बाजूला लावलेल्या तोंडांची राखण करत होत्या आणि कोणाला सांगता येत नव्हतं. हळदीचा प्रयोग स्वतःची खात्री करण्यासाठी नव्हता, मला पटवण्यासाठी होता. कारण आता त्या रिटायर झाल्या होत्या, म्हणजे बोलायला मोकळ्या होत्या, पण त्यांना इंग्रजीत लिहायचा धीर नव्हता. त्यांना हवं होतं एवढंच, की त्या मोठ्या लोकांपैकी कोणीतरी एकदा येऊन ते गाल बघावेत आणि म्हणावं, हो बाई, बरोबर आहे तुमचं. पाटीवर नाव नको, काही नको. हे सांगताना त्यांनी ओट्याची कड इतकी घट्ट धरली होती की मला एकदम रडूच यायला लागलं. मी म्हटलं, मावशी, ईमेल मी लिहिते, ऑफिसमध्ये दुसरं करते काय!

पुढच्या शनिवारी आम्ही मेट्रोने गेलो. मावशींनी कपाटातून निळा कोट काढून घातला होता. स्वतःचा घेतलेला साधा कोट, युनिफॉर्मचा नव्हे, पण निळाच. दालनात शिरताना त्यांनी सॅक पोटावर घेतली, मी घ्यायच्या आत माझ्याकडे बघितलं, मीही घेतली. तिथे ती दोन तोंडं. खरं सांगू? मला पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. मग बघता बघता वाटायला लागलं की दोघं काहीतरी विचारताहेत. मावशी म्हणायच्याच, “तो ‘येऊ नका’ म्हणत नाही, तो ‘काय काम आहे’ म्हणतो.” अर्ध्या कानाचा होता कुठल्या बाजूला? मावशींनी बोट न दाखवता, नुसत्या हनुवटीने दाखवला. डाव्या. बघणाऱ्याच्या डाव्या.

“फोटो काढ,” त्या म्हणाल्या. “फ्लॅश नाही. आणि तूही ये फोटोत.”

“मी कशाला?”

“साक्षीदार नको? उद्या म्हणतील, बाईने कुठलातरी फोटो पाठवला. आपण दोघी पाहिजेत आणि मागे ते दोघं.”

म्हणून मी सेल्फी काढला. एकच. दुसरा त्यांनी काढू दिला नाही, ‘वस्तूला त्रास होतो’. मागच्या भिंतीवरच्या दिव्याची चकाकी आली होती, गाल काही फोटोत दिसत नव्हते. पण कान स्वच्छ दिसत होता आणि मुद्दा कानाचाच होता. त्याच आठवड्यात मी ईमेल लिहिलं. झकास लिहिलं होतं हो. हळद, फ्रिज, महिनाभराच्या नोंदी, घासलेले गाल, घराचं दार, सगळं मुद्देसूद. शेवटी स्पष्ट लिहिलं की तुटलेल्या कानाचं तोंड सध्या बघणाऱ्याच्या डावीकडे आहे, ते उजवीकडे हवं, सोबत फोटो जोडला आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी डावं-उजवं न चुकता लिहिलं, कारण मावशी शेजारी उभ्या राहून तपासत होत्या.

दोन महिने काही नाही. मावशी रोज संध्याकाळी विचारायच्या नाहीत, फक्त बेसमेंटच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभ्या राहायच्या. मी मान हलवायची, त्या जायच्या.

मग उत्तर आलं. अतिशय सभ्य. आपल्या आस्थेबद्दल आभार, आपलं निरीक्षण रोचक आहे. तथापि आपण जोडलेल्या छायाचित्रातच तुटलेल्या कानाची वस्तू उजव्या बाजूला दिसते आहे, म्हणजे आपण सुचवता तशीच ती आधीपासून लावलेली आहे. छताच्या कामासाठी हे दालन सध्या बंद असून वस्तू हलवल्या आहेत. आपण पुन्हा जरूर भेट द्यावी.

मी फोटो उघडला. वरणभात कालवला. पुन्हा कालवला. तिसऱ्यांदा खरोखर हात हवेत फिरवून कालवला. अर्ध्या कानाचा उजवीकडेच होता! म्युझियमच्या साइटवर बघितलं, तिथे दोघांचे वेगवेगळे फोटो, राखाडी पार्श्वभूमीवर, जोडीचा एकही नाही. जाऊन बघावं तर दालन बंद. माझ्या डोक्याचा भुगा झाला. मला स्वतःची तर खात्री नव्हतीच कधी. मग मला वाटलं, आणि हे लिहिताना लाज वाटतेय, मला वाटलं की मावशींचाच घोटाळा झाला. वय झालंय, इतकी वर्षं तेच तेच बघून मनात उलटं बसलं असेल.

वर जाऊन मी त्यांना ईमेल वाचून दाखवलं, मराठी करून. त्यांनी फोन हातात घेतला, फोटो मोठा केला, चष्मा काढला, पुन्हा लावला. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

“मी बावीस वर्षं चुकीचं बघितलं का गं?” त्या म्हणाल्या.

मी म्हणायला हवं होतं की नाही मावशी, शक्यच नाही. मी म्हटलं, “होतं असं कधीकधी.” जन्मात बोललेलं सगळ्यात गाढव वाक्य.

त्यानंतर मावशी बसू लागल्या. चहा बसून, फोन बसून. फ्रिजवरची तोंडं त्यांनी काढून टाकली, टेपचे डाग ओल्या फडक्याने पुसले. मी पेन घेऊन वर गेले तरी हात पुढे आला नाही. मुलीला आनंद झाला, फायनली आई रिलॅक्स झाली म्हणाली. उन्हाळ्यात तिने त्यांना चँडलरला नेलंच, हे घर विकायला काढलं, आणि मी दोन मैलांवर एका अपार्टमेंटमध्ये गेले. निघताना मावशींनी मला कुकर दिला आणि गाडीत बसल्या. आमच्या फोनवर गप्पा व्हायच्या, तिकडचं ऊन, इकडची थंडी, माझं ग्रीनकार्ड. तोंडांचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही नाही.

वर्ष-दीड वर्ष गेलं. ऑफिसमध्ये माझ्याकडे एक बग आला. आमच्या अ‍ॅपमध्ये लोक सेल्फी काढून पाठवतात, तर काही फोनांवरचे फोटो उलटे सेव्ह होतात, आरशात दिसावं तसे. टी-शर्टावरची अक्षरं उलटी येतात. मी माझ्याच फोनवर तपासलं. सेल्फी आरशासारखा उलटा ठेवायचं सेटिंग चालू होतं. कधीपासून चालू होतं? फोन घेतल्यापासून! मग जुने सेल्फी बघत बघत मागे गेले, नुसतं तपासायला, साधं काम म्हणून, आणि तो फोटो आला. मी, निळ्या कोटातल्या मावशी, मागे ती दोन तोंडं, आणि वर कोपऱ्यात दाराची ‘एक्झिट’ची लाल पाटी. अक्षरं सगळी उलटी.

मी ऑफिसमध्येच कपाळाला हात लावून बसले. चुका शोधण्याची नोकरी करणारी मी! त्या बाईने साक्षीदार म्हणून मला फोटोत घेतलं, आणि साक्षीदारानेच साक्ष उलटी दिली. अर्ध्या कानाचा डावीकडेच होता. मावशी बरोबर होत्या. इतकी वर्षं बरोबर होत्या, आणि मी त्यांना म्हटलं, होतं असं कधीकधी.

लगेच फोन करायला हवा होता. पण माझा धीर होईना. आधी डोळ्यांनी बघते, मग सांगते, असं ठरवलं. दालन त्याच महिन्यात पुन्हा उघडलं होतं. शनिवारी गेले, सॅक पोटावर घेऊन.

दोन्ही तोंडं नव्या भिंतीवर, तशीच शेजारी शेजारी. पाटी तीच, थडग्याचं दार. मी समोर उभी राहिले आणि काही म्हणता काही सुचेना. डावं कुठलं? मावशी शेजारी नाहीत, मी एकटी. शेवटी मी आमच्या फ्रिजसमोर उभी राहायचे तशी मधोमध उभी राहिले आणि दोन्ही हात उचलून हवेतल्या दोन कड्या धरल्या. माझी बोटं आली आतल्या गालांपाशी. ते गाल खडबडीत. गुळगुळीत गाल बाहेरच्या बाजूला, पलीकडे, जिथे कोणाचा हात जाणार नाही तिथे. डाव्या-उजव्याची गरजच नव्हती. पहिल्या दिवशीही नव्हती.

“मॅम,” मागून हलका आवाज आला. “टू स्टेप्स बॅक, प्लीज.”

माझे पाय माझ्याआधी मागे गेले. वळून बघितलं तर गार्ड. चाळिशीचा, उंच, निळा कोट. त्याने दालनात इकडे तिकडे बघितलं. दुसरं कोणी नव्हतं.

“तुम्ही हात असे का धरले होते?” त्याने इंग्रजीत विचारलं.

मी काय सांगणार? “दार उघडून बघत होते,” म्हटलं.

तो दालनाच्या दाराकडे नजर ठेवून, ओठ फारसे न हलवता म्हणाला, “ते दोघं चुकीच्या बाजूला आहेत. गाल बघा. आणि ते थडग्याचं नाही. घराचं दार आहे.”

मी घाईघाईने विचारलं, “कोणी सांगितलं तुम्हाला?”

“मला ज्याने ड्यूटी शिकवली त्याने. त्याला एका लेडीने सांगितलं होतं, ती इथे खूप वर्षं होती, मी तिला पाहिलेलं नाही. आता आमच्यात जो नवीन येतो त्याला पहिल्या दिवशी हे दाखवतात, सगळ्यात आधी. पब्लिकला सांगायची परवानगी नाही.” तो किंचित हसला. “पण तुम्हाला माहीत होतं.”

बाहेर पायऱ्यांवर बसून मी चँडलरला फोन लावला. मावशींनी उचलला, ऊन किती आहे ते सांगायला लागल्या. मी त्यांना थांबवलं आणि भडाभडा सगळं सांगितलं. फोटो, सेटिंग, उलटी एक्झिट, माझा गाढवपणा, गाल, तो गार्ड, रडत रडत, मधे नाक ओढत. कितपत समजलं असेल देव जाणे. मी म्हटलं, मावशी, माफ करा मला, तुम्ही बरोबर होतात, ते अजून चुकीचंच लावलंय आणि तिथल्या प्रत्येक गार्डला ते माहितीये.

“मी एकालाच सांगितलं होतं,” मावशी म्हणाल्या. “शेवटच्या आठवड्यात, डबा खाताना. तो हसला होता. मला वाटलं, थट्टेवारी नेलं.”

“नाही हो मावशी. नाही नेलं.”

“हा आजचा गार्ड,” त्यांनी विचारलं, “बसला होता की उभा होता?”

“उभा. एकदम ताठ.”

“थांब,” त्या म्हणाल्या. फरशीवर खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला, मग गुडघे धरून उठताना त्या करायच्या तसा एक लांब श्वास.

“हं,” मावशी म्हणाल्या. “राहिले उभी. आता पहिल्यापासून सांग.”